पहिल्याच दिवशी चालू झालेला प्रकल्प

आमच्याकडे रुजू झालेल्या माणसाचा पहिला आठवडा पूर्वी मशीन लावण्यातच जायचा. कोल्हापुरात राजारामपुरीत आमची छोटी कंपनी आहे, पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करतो. ठेवी, कर्जखाती, पिग्मी, लाभांशाच्या याद्या, वार्षिक सभेची पत्रकं. सगळं ब्राउझरमध्ये चालणारं, पीएचपीत लिहिलेलं, खाली मायएसक्यूएल. नव्या मुलाला किंवा मुलीला पहिल्या सकाळी एक वर्ड फाईल मिळायची. झॅम्प टाका, पीएचपीच्या आयएनआय फाईलमध्ये अमुक एक्स्टेन्शनच्या ओळीपुढचा अर्धविराम काढा, होस्ट्स फाईलमध्ये नाव घाला, डेटाबेसचा डम्प चढवा. लिहिली त्या दिवशी ती फाईल बरोबर होती. त्यानंतर पीएचपी बदललं, लॅपटॉप बदलले, प्रकल्पात नवीन लायब्ररी आल्या, आणि त्या प्रत्येक बदलाची माहिती फाईलमध्ये न जाता कुणाच्या तरी डोक्यात राहिली. चौथ्या पायरीला गाडी अडली की उठून सीनियरच्या टेबलापाशी जाऊन उभं राहायचं, एवढाच मार्ग.

वाया गेलेल्या वेळेचं मला तितकं वाटायचं नाही. खुपायचं ते दुसरंच. नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो, दुसऱ्यांदा विचारतो, आणि मग विचारायचं थांबतो. गडहिंग्लज, चंदगड, शिराळा या बाजूंनी येणारी मुलं. बहुतेकांच्या घरात संगणकावर पोट भरणारं हे पहिलंच माणूस. पोर्ट ३३०६ आधीच कुणीतरी धरून बसलंय म्हणून डेटाबेस उठत नाही, यात त्यांचा दोष काहीच नसतो. पण स्क्रीनवर लाल अक्षरं त्यांच्या दिसतात आणि शेजारच्याचं मशीन व्यवस्थित चाललेलं असतं. ‘आपल्यालाच जमत नाही’ ही समजूत तिथे पक्की होते, आणि ती पुढे कामाच्या बैठकीतही त्यांच्याबरोबर येऊन बसते. प्रश्न पडला तरी हात वर होत नाही.

त्यातून मशीनं एकसारखी नव्हतीच. एका जुन्या संस्थेचं सॉफ्टवेअर पीएचपी ५.६वर होतं. डेटाबेसशी बोलायला त्यात जी जुनी फंक्शन्स वापरली होती ती पीएचपी ७.० मध्ये, म्हणजे २०१५च्या डिसेंबरात, भाषेतून काढूनच टाकली गेली. नवा प्रकल्प ७.२वर. दोन्ही एका लॅपटॉपवर सुखाने नांदवणं म्हणजे पाथ बदला, सर्व्हर बंद करा, पुन्हा चालू करा. झॅम्पमध्ये मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी येतो आणि आमच्या सर्व्हरवर होतं मायएसक्यूएल ५.७. या ५.७ने ‘ग्रुप बाय’चा नियम मुळातच कडक केला होता: बेरजेच्या क्वेरीत जो स्तंभ गटवारीत नाही तो तसाच मागितला तर सरळ एरर. मारियाडीबीत ही सक्ती आपोआप लागू नसते. म्हणून शाखानिहाय थकबाकीचा अहवाल प्रत्येकाच्या टेबलावर छान निघायचा आणि संस्थेत गेल्यावर पडायचा. फाईलच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं की छोटं, याची विंडोज पर्वा करत नाही, लिनक्स करतं. असे घोळ लाइव्ह झाल्यावर कळायचे, आणि फोन यायचा तो सकाळी शाखा उघडताना.

या सगळ्यावर आम्हाला सापडलेला उपाय म्हणजे कंटेनर. त्याच्या आधी आम्ही व्हेग्रंट वापरून पाहिलं होतं. मिचेल हाशिमोतोने २०१० मध्ये काढलेलं हे साधन एका मजकुरी फाईलवरून अख्खं आभासी मशीन उभं करतं. कल्पना पटली होती, पण आमच्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपांना विंडोजच्या पोटात दुसरी पूर्ण ऑपरेटिंग सिस्टीम झेपेना. कंटेनरमध्ये ते ओझं नाही. तिथे कर्नल एकच असतो. प्रोसेसला आपल्यापुरती फाईल सिस्टीम, आपल्यापुरतं नेटवर्क, आपल्यापुरती प्रोसेसची यादी दिसते, ती नेमस्पेसमुळे. आणि तिने रॅम, सीपीयू किती खायचं ती मर्यादा सीग्रुप्स घालतात. सीग्रुप्सचं काम गुगलच्या इंजिनिअरांनी २००६ मध्ये सुरू केलं आणि २००८च्या जानेवारीत ते लिनक्सच्या २.६.२४ या कर्नलमध्ये आलं. प्रोसेसचं मूळ फोल्डर बदलून तिला कोंडून ठेवण्याची युक्ती तर युनिक्सच्या १९७९च्या सातव्या आवृत्तीपासूनची. सॉलोमन हाइक्सने २०१३च्या मार्चमध्ये सांता क्लाराच्या पायकॉन परिषदेत पाच मिनिटांत डॉकर दाखवलं तेव्हा खालचं यंत्र जुनंच होतं. नवं होतं ते हे की पूर्ण वातावरण एका छोट्या फाईलमध्ये लिहून काढता येतं आणि त्यातून बनलेली इमेज जशीच्या तशी दुसऱ्याला देता येते. पाठोपाठ फिग नावाचं साधन आलं, तेच पुढे डॉकर कंपोज झालं: वेब सर्व्हर, पीएचपी, डेटाबेस असे सगळे कंटेनर एकाच यामल फाईलमध्ये मांडायचे आणि एका कमांडने उठवायचे. माझ्या दृष्टीने खरी देणगी ही फाईल.

ऑफिसातली डेस्कटॉप मशीनं आम्ही उबुंटूवर नेली आणि कंपोज फाईल लिहायला घेतली. लिहिताना लक्षात आलं की आपल्या प्रकल्पाला काय काय लागतं हे आपल्यापैकी कुणालाच पूर्ण ठाऊक नाही. एकाला माहीत होतं की लाभांशाच्या हिशोबाला बीसीमॅथ लागतं. दुसऱ्याला ठाऊक होतं की सभासदाचा फोटो लहान करायला जीडी लागतं. तिसऱ्याच्या मशीनवर अपलोडची मर्यादा वाढवलेली होती, का ते तो विसरला होता. एकेक गोष्ट बाहेर काढून ओळीत बसवली. या कामाला जितका वेळ लागतो तितका द्यावा असं मी आजही सांगतो; इंटरनेटवरून तयार फाईल उचलून आणली तर कंटेनर उठतील, पण आपल्या प्रकल्पाचं ज्ञान पुन्हा डोक्यांतच राहील.

काही गोष्टी मात्र प्रत्येक नव्या माणसाला अडवतातच, त्या आता आम्ही फाईलमध्येच टिपणं लिहून ठेवल्यात. पीएचपीच्या कंटेनरमध्ये ‘लोकलहोस्ट’ म्हणजे तो कंटेनर स्वतः. डेटाबेस शेजारच्या कंटेनरमध्ये असतो, त्याला त्याच्या सर्व्हिसच्या नावाने हाक मारावी लागते. आमच्याकडे ते नाव ‘डीबी’. डेटाबेसवर अवलंबून आहे एवढं लिहिलं तर कंपोज त्याचा कंटेनर फक्त सुरू होईपर्यंत थांबतो, आतला मायएसक्यूएल बोलायला तयार झालाय का ते पाहत नाही. पहिल्यांदा डेटा फोल्डर तयार करताना त्याला चांगला वेळ लागतो, आणि तोवर मायग्रेशन धडपडून पडलेलं असतं. म्हणून हेल्थचेक लावायचा, ठराविक सेकंदांनी पिंग करायचा, आणि ‘हेल्दी’ झाल्यावरच पुढच्याला उठवायचं. लिनक्सवर परवानग्यांचा गुंता वेगळाच. डेबियनच्या इमेजमध्ये वेब सर्व्हरचा युजर ३३ क्रमांकाचा, आणि लॅपटॉपवर आपण बहुधा १०००. कंटेनरने तयार केलेली लॉग फाईल आपल्याला पुसता येत नाही, आपण केलेल्या फोल्डरमध्ये कंटेनरला लिहिता येत नाही. इमेज बांधतानाच आतल्या युजरला आपला क्रमांक दिला की हा विषय संपतो.

मेलपिट नावाचा एक छोटा कंटेनरही आम्ही घातला. प्रकल्पातून जाणारा प्रत्येक ईमेल तो स्वतःकडे अडवतो आणि ब्राउझरमध्ये दाखवतो. थकबाकीची नोटीस चाचणीतून खऱ्या सभासदाच्या मेलबॉक्समध्ये जाणार नाही, हे एकदा पक्कं झालं की नवीन माणूस निर्धास्तपणे बटणं दाबतो. ती निर्धास्ती मला फार मोलाची वाटते.

२०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुलं गावी गेली. घरच्या लॅपटॉपांवर विंडोज होम. त्यावर डॉकर नीट चालायला विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ लागायचं, ते त्याच वर्षीच्या मे महिन्यातल्या विंडोज अपडेटमध्ये आलं. ते आलं तरी पहिल्या वेळी उतरवायच्या इमेजेस दोन जीबीच्या वर, आणि वाळवा तालुक्यातल्या मळ्यात बसलेल्या मुलाकडे मोबाईलचा हॉटस्पॉट. आम्ही ऑफिसात सगळ्या इमेजेस ‘डॉकर सेव्ह’ करून टार फाईलमध्ये बांधल्या, पेनड्राइव्हवर घातल्या आणि इस्लामपूरला निघालेल्या एका ओळखीच्याबरोबर पाठवल्या. त्या मुलाने ‘डॉकर लोड’ केलं आणि दुपारी प्रकल्प चालू झाल्याचा फोन आला. घरून काम करणाऱ्यांना तेव्हाच हेही समजलं की कोड विंडोजच्या सी ड्राइव्हवर ठेवून कंटेनरमधून वाचला की पान उघडायला युग लागतं. तो डब्ल्यूएसएलच्या आत, लिनक्सच्या फाईल सिस्टीमवर ठेवला की चुटकीसरशी उघडतं. आठ जीबी रॅम असेल तर तेव्हा डब्ल्यूएसएलला चार जीबीची वेसण घालावी लागायची, नाहीतर ब्राउझरला काही उरत नसे.

पुढे काही जणांनी एम १ मॅकबुक घेतले. मायएसक्यूएल ५.७ची अधिकृत इमेज एआरएम प्रोसेसरसाठी नाही, त्यामुळे कंपोज फाईलमध्ये प्लॅटफॉर्म एएमडी ६४ असा स्पष्ट लिहावा लागला. नक्कल करून चालतं म्हणून हळू चालतं, पण चालतं. २०२१च्या ऑगस्टअखेर डॉकर डेस्कटॉपच्या परवान्याचे नियम बदलले. अडीचशेपेक्षा कमी माणसं आणि एक कोटी डॉलरपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना ते मोफतच राहिलं, तेव्हा आम्हाला फरक पडला नाही.

आता जो भाग मला सर्वांत जवळचा वाटतो, तो मराठीचा.

पतसंस्थेची पावती मराठीत निघते. ती पीडीएफ बनवायला आम्ही कंटेनरमध्ये क्रोमियम चालवतो, कारण आधीच्या पीएचपी लायब्ररीत जोडाक्षरं तुटायची. कंटेनरमध्ये पहिली पावती काढली तेव्हा इंग्रजी मजकूर नीट आला आणि मराठीच्या जागी रिकाम्या चौकटींची रांग. कारण सरळ होतं: छाटलेल्या डेबियन इमेजमध्ये देवनागरीचा एकही फॉन्ट नसतो. लॅपटॉपवर तो कधी ना कधी आलेला असतो, म्हणून त्याची गरज आहे हेच कुणाच्या लक्षात येत नाही. इमेज ज्यातून बनते त्या डॉकरफाईलमध्ये लोहित देवनागरीच्या पॅकेजचं नाव लिहिलं आणि पावती उमटली. ती एक ओळ आता प्रकल्पाची मराठीची गरज स्वतःच सांगते.

वेळेचंही तसंच. कंटेनर मुळात यूटीसीवर चालतात, आपण साडेपाच तास पुढे. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात केलेल्या नोंदीला आदल्या दिवसाची तारीख पडते. एरवी या वेळात पतसंस्थेत कुणी नसतं, पण ३१ मार्चला असतं. वर्षअखेरीचं काम मध्यरात्र ओलांडून चालतं, आणि १ एप्रिलला रात्री एक वाजता केलेली नोंद मागच्या आर्थिक वर्षात जाऊन बसली तर ताळेबंदच हलतो. पीएचपीची वेळ एका जागी, मायएसक्यूएलची दुसऱ्या जागी ठरवावी लागते. सगळं यूटीसीत साठवून दाखवताना बदलावं, असं आमच्यातल्या एकाचं ठाम मत होतं, आणि जगभर पसरलेल्या सॉफ्टवेअरसाठी ते योग्यच. पण संस्थेचा कारभार ज्या दिवसाने चालतो तो दिवसच आमच्या हिशोबाचा पाया आहे, म्हणून आम्ही दोन्हीकडे भारतीय वेळ लिहिली, मायएसक्यूएलमध्ये अधिक साडेपाच तास अशी. भारतात घड्याळ उन्हाळ्यात पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे हा ठोक आकडा पुरतो. हा वाद फाईलमधल्या दोन ओळींवर बोट ठेवून झाला, आणि त्यात रुजू होऊन महिनाही न झालेला मुलगा बोलला.

नंतर, इमेज लहान करायची म्हणून पीएचपी डेबियनवरून अल्पाइनवर नेण्याचा प्रस्ताव आला. अल्पाइनची नुसती इमेज जेमतेम पाच एमबीची, मोह पडण्यासारखीच. त्या आठवड्यात गडहिंग्लजची एक मुलगी नव्यानेच आली होती. कंटेनर पहिल्याच सकाळी उठले होते, त्यामुळे तिच्या हातात दुपारपासूनच खरं काम होतं: जुन्या आणि नव्या इमेजमधून त्याच पावत्या काढून शेजारी ठेवायच्या. तिने मला बोलावलं. ‘दादा, हे बघा, एकात १२,३४,५६७ मराठी अंकांत आहे. दुसऱ्यात इंग्रजी अंक, आणि स्वल्पविरामही आपल्या पद्धतीचा नाही.’ कोड एकच, मागितलेली भाषा ‘एमआर आयएन’, तरी उत्तर वेगळं. अंकांची, तारखांची आणि महिन्यांच्या नावांची माहिती पीएचपी आयसीयू नावाच्या लायब्ररीतून घेतं. अल्पाइनने ३.१६ या आवृत्तीपासून त्या माहितीचे दोन तुकडे केलेत. सहज मिळतो तो इंग्रजीपुरता. बाकी साऱ्या भाषांसाठी ‘आयसीयू डेटा फुल’ हे पॅकेज वेगळं मागावं लागतं. न मागितलं तर एरर येत नाही, मराठी मुकाट्याने गायब होते. तिने ते पॅकेज घालून पाहिलं, आकडे परत आले. मग इमेज किती लहान झाली ते मोजलं, आणि क्रोमियम व फॉन्ट धरता बचत फारशी उरत नाही असं दाखवलं. आम्ही डेबियनवरच राहिलो. तिचा हा पहिला निर्णय होता आणि तो तिच्या नावावर कमिटमध्ये आहे.

डेटाचा विषय उरतो. पूर्वी नव्या मशीनवर कुठल्यातरी संस्थेचा खरा डम्प चढायचा. सभासदांची नावं, आधार, शिल्लक, सगळं कुणाच्याही लॅपटॉपवर. २०२३ मध्ये डिजिटल पर्सनल डेटा प्रोटेक्शन ॲक्ट झाला, पण कायदा नसता तरी हे बंद व्हायलाच हवं होतं. आम्ही कल्पित सभासदांची एक एसक्यूएल फाईल तयार केली. मायएसक्यूएलची इमेज ठराविक फोल्डरमधल्या अशा फाईली स्वतःच चालवते, मात्र फक्त डेटा फोल्डर रिकामं असताना. म्हणून नवा डेटा हवा तर व्हॉल्यूम पुसून पुन्हा उठवायचं, आणि व्हॉल्यूम पुसणं म्हणजे आतलं सगळं जाणं, हे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी समोर बसवून दाखवायचं. नावं निवडताना आम्ही मुद्दाम अवघड घेतली. कुऱ्हाडे, गोऱ्हे अशी. हा अर्धा र दोन तऱ्हांनी टाइप होतो: ऱ या वेगळ्या अक्षराला हलन्त लावून, किंवा साध्या र्‌नंतर न दिसणारा जोडक घालून. कागदावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण आतले बाइट वेगळे, त्यामुळे काटेकोर तुलनेत एकच सभासद दोन ठरतो. पिग्मी एजंट मोबाईलवर टाइप करतो, शाखेतला कारकून संगणकावर. दोन कीबोर्ड, दोन कुऱ्हाडे. नव्या डेटात दोन्ही रूपं आहेत आणि शोधाची चाचणी दोन्हींवर चालते.

पहिल्या दिवसाची आमची पद्धत आता ठरलेली आहे. सकाळी रिपो घ्यायचा, एक कमांड द्यायची, ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान बघायचं. दुपारी मी किंवा दुसरं कुणी त्यांच्या शेजारी बसून कंपोज फाईल आणि डॉकरफाईल ओळीने वाचतो. हे वाचन टाळलं तर कंटेनर त्यांच्यासाठी बंद पेटी राहतो. सकाळची कमांड ज्या दिवशी चालणार नाही त्या दिवशी पुन्हा कुणाच्या तरी टेबलापाशी जाऊन उभं राहणं नशिबी येतं. वाचताना बहुतेक जण विचारतात, ही ओळ मी बदलली तर चालेल का. चालेल. ब्रँच काढा, बदला, पुल रिक्वेस्ट टाका. पोर्ट अडकला तर एन्व्ह फाईलमध्ये क्रमांक बदला. काही बिघडलं तर कंटेनर पाडून पुन्हा उठवा, लॅपटॉपला धक्का लागत नाही.

मायएसक्यूएल ५.७चा आधार २०२३च्या ऑक्टोबरात संपला, तेव्हा ८.० वर जायचं काम गडहिंग्लजच्या त्याच मुलीने घेतलं. कंपोज फाईलमध्ये तिने दोन डेटाबेस शेजारी शेजारी उभे केले, एक ५.७, एक ८.०, आणि तेच अहवाल दोन्हींवर चालवले. पहिलाच धक्का बचत गटांच्या पानावर बसला. आमच्या टेबलाचं नाव ‘ग्रुप्स’, आणि ८.० मध्ये तो शब्द राखीव झालाय. ‘रँक’ही तसाच, तो आमच्या वसुलीच्या यादीत स्तंभाचं नाव म्हणून होता. जिथे जिथे ही नावं अवतरणचिन्हांशिवाय आली होती त्या क्वेरींची तिने यादी काढली. निम्म्या बदलून झाल्या आहेत. उरलेल्या जुन्या पिग्मी मॉड्यूलमध्ये आहेत, आणि ते या महिन्यात तिने यंदा रुजू झालेल्या मुलाला सोबत घेऊन उघडलंय.